बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स: एकाच खोलीत एकाच माणसाला दोनदा बसवायचं असेल तर

बडोद्यात बसून स्वप्न, नेणीव, दुभंगलेला ‘मी’ अशा विषयांवर १६ मिमीवर लघुपट करायचा असेल, तर वापरलेल्या कॅमेऱ्यांमध्ये बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स, म्हणजे चावीवर चालणारा आणि लेन्समधूनच दृश्य दाखवणारा फिल्म कॅमेरा, घ्यावा. बाकी कशासाठीही घेऊ नये. मुलाखतीला निरुपयोगी, संवादांच्या प्रसंगाला निरुपयोगी. चालताना तो इतका खडखडतो की शेजारच्या खोलीतही ऐकू येतो. पूर्ण चावी भरली की २४ फ्रेमच्या वेगाने साधारण २८ सेकंद चालतो आणि थांबतो. लांब शॉट आवडणाऱ्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

घ्यायचा तो एका गोष्टीसाठी. या कॅमेऱ्यात फिल्म मागे जाते. मोटर सोडवायची, बाजूच्या दांडीवर हँडल लावायचं, उलट फिरवायचं. एका फेऱ्याला आठ फ्रेम मागे. फ्रेमचा काटा पुढे जाताना वाढतो, मागे येताना तितकाच कमी होतो. म्हणजे एकाच फिल्मच्या तुकड्यावर त्याच जागी पुन्हा चित्रण करता येतं आणि कुठून कुठवर केलं ते आकड्यात कळतं. दुहेरी माणूस, विरत जाणारी खोली, भिंतीतून उगवणारा चेहरा हे सगळं लॅबला न सांगता कॅमेऱ्याच्या पोटातच होतं.

पर्याय विचारले जातात म्हणून थोडक्यात. रशियन क्रास्नोगोर्स्क-३ चावीचाच आहे, झूम लेन्स सोबत येते, आरसा फिरणारा असल्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उजळ दिसतं. पण त्याला मागे जाण्याची सोयच नाही. सुपर ८ ची काडतुसं मुळात पुढे जाण्यासाठी बनवलेली. काही मॉडेलं थोड्या फ्रेम मागे घेतात, विरघळणीपुरतं (एक दृश्य दुसऱ्यात विरत जाण्यापुरतं) ते पुरतं, दहा सेकंदांच्या शॉटला पुरत नाही. अॅरीफ्लेक्स १६ एस यंत्र म्हणून वरचढ आहे. त्यात फ्रेम जागच्या जागी धरून ठेवणारी खिळी, म्हणजे रजिस्ट्रेशन पिन असते. बोलेक्समध्ये ती नाही. फक्त एक नखी फिल्म ओढते, दाबपट्टी तिला सपाट धरते, बस.

इथेच आमचं मत बहुतेकांपेक्षा वेगळं पडतं. पिन नसल्यामुळे दोन फेऱ्यांमध्ये, म्हणजे त्याच फिल्मवर दोनदा, केलेली चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, केसभर हलत राहतात. जाहिरातपट करणाऱ्याला हा दोष. या जातीच्या सिनेमात मात्र तो कामाचा आहे. टेबलाच्या दोन बाजूंना एकच बाई बसली आहे, खोली तीच, उजेड तोच, चित्राचा दाणा (ग्रेन) पण एकच कारण फिल्म एकच. आणि तरी डावी भिंत उजव्या भिंतीच्या तुलनेत किंचित श्वास घेते. प्रेक्षकाला ते दिसत नाही, पण खुपतं. फ्रॉइडने १९१९च्या निबंधात ओळखीचं घर अचानक परकं वाटण्याचा आणि आपल्याच प्रतिरूपाचा संबंध लावला होता, तो पडद्यावर आणायला इतकी थरथर पुरते. अट एकच: बाकी काहीही हलता कामा नये. ट्रायपॉड हलला, उजेड बदलला, मास्क (लेन्सपुढे धरून फ्रेमचा एक भाग झाकणारा पुठ्ठा) सरकला की प्रेक्षक घाबरत नाही, त्याला चूक दिसते.

या तंत्राचा पाया घालणाऱ्यांत माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड या अमेरिकेतल्या चित्रपटकार जोडप्याचा ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा १९४३चा चित्रपट येतो. लांबी १४ मिनिटं, खर्च पावणेतीनशे डॉलरच्या आसपास, चित्रीकरण त्यांच्या राहत्या घरात. वडिलांच्या पश्चात मिळालेल्या पैशातून डेरेनने वापरलेला बोलेक्स घेतला होता. टेबलाभोवती एकच स्त्री तीनदा दिसते तो शॉट अनेकांना संपादनाची करामत वाटतो. ते मास्क लावून, फिल्म मागे घेऊन केलेलं काम आहे. आणि तेव्हा रिफ्लेक्स नव्हता! तो १९५६चा. त्यांना बाजूच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे लेन्सला दिसतं त्याच्या जरा शेजारचं पाहून, मास्कची रेघ अंदाजाने बसवावी लागली. आज आपल्याला ती रेघ लेन्समधूनच दिसते, त्यामुळे ‘अवघड आहे’ ही सबब चालत नाही.

चित्रपटाला संगीत १९५९मध्ये, तेइजी इतो यांनी दिलं. तोवर तो मूकच होता. संगीत बंद करून एकदा पाहावा, कॅमेऱ्याचं काम मग नीट दिसतं. त्याच्याकडे मनोविश्लेषणाचं कोडं म्हणून पाहणं डेरेनला मान्य नव्हतं. किल्ली म्हणजे अमुक, सुरी म्हणजे तमुक असं लावत बसण्यापेक्षा आपल्याकडचा चकवा आठवावा: माणूस चालत राहतो आणि त्याच वडाखाली परत येतो. त्या चित्रपटाची बांधणी तशीच आहे, आणि चकवा लागलेल्या माणसाला प्रतीकांचा कोश देऊन उपयोग नसतो.

आता दुहेरी माणसाची कृती.

काळा माउंट बोर्ड घ्या, साधारण १० सेमी चौरस. त्याचे दोन तुकडे करा, पण एकाच कापात, धारदार पात्याने, पोलादी पट्टी धरून. दोन वेगळे पुठ्ठे मापून कापले की कडा कधीच जुळत नाहीत. एकाच कापातून निघालेले तुकडे आपोआप एकमेकांना पूरक असतात. लेन्सच्या पुढे सुमारे १० सेमीवर लाकडी खाच पक्की करा. तिच्यात एका वेळी एकच तुकडा बसला पाहिजे, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या बाजूच्या कोपऱ्याला टेकला पाहिजे. बाजारात मिळणारा मॅट बॉक्स चालतो, पण त्यातल्या फटी मोठ्या असतात. कागदाची पाचर मारावी लागते.

चावी पूर्ण भरा. हे आधी. दोन फेऱ्यांच्या मध्ये चावी भरायला गेलात तर हाताच्या जोराने ट्रायपॉडचं डोकं फिरतं आणि सगळं वाया जातं. झाकण लावून २४ फ्रेम काळ्या सोडा. झाकण लावून २४ फ्रेम काळ्या सोडा. मग उजवा तुकडा खाचेत घालून पात्राला डाव्या खुर्चीत बसवा आणि दहा सेकंद, म्हणजे २४० फ्रेम चित्रण करा. मोटरचा लिव्हर शून्यावर, लेन्सवर झाकण, शटर बंद. हँडलचे ३० फेरे मागे. काटा सुरुवातीच्या आकड्यावर आला की थांबा. हँडल काढा, मोटर जोडा, शटर उघडा, झाकण काढा, पुठ्ठा बदला, पात्राला उजव्या खुर्चीत बसवा, पुन्हा २४० फ्रेम. प्रत्येक अर्ध्या भागाला उजेड एकदाच मिळतो, म्हणून एक्स्पोजर कमी करायचं नाही. इथे पुष्कळजण घोळ घालतात. अर्धं करायचं ते मास्कशिवाय एकावर एक चित्रण असेल तेव्हा: दोन थर असतील तर प्रत्येकी एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा) कमी, चार असतील तर दोन स्टॉप.

तीन माणसं हवी असतील तर पुठ्ठ्याला दोन काप, तीन तुकडे, तीन फेऱ्या. दर वेळी एकच तुकडा बाहेर.

सांध्याची, म्हणजे दोन भाग जुळतात त्या रेघेची, रुंदी हा खरा कळीचा मुद्दा आहे, आणि तो गणिताने सुटतो. लेन्सच्या छिद्राचा व्यास म्हणजे नाभीय अंतर भागिले एफ-आकडा. १६ मिमी नाभीय अंतराची लेन्स एफ/४ वर असेल तर छिद्र ४ मिमीचं; मास्क १० सेमीवर असताना कडेचा धूसर पट्टा फ्रेमच्या रुंदीच्या साधारण ६ टक्के येतो. हे उत्तम. तीच लेन्स एफ/११ वर नेली तर पट्टा २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ रेघच, आणि पुठ्ठा अर्धा मिलिमीटर सरकला तरी काळी किंवा पांढरी चीर दिसते. उलट २५ मिमी लेन्स एफ/१.४ वर उघडी ठेवली तर पट्टा निम्मी फ्रेम खाऊन टाकतो. मधे टेकलेला हात दोन्ही फेऱ्यांत अर्धा अर्धा उमटतो आणि काचेचा वाटतो. मुद्दाम तसं करायचं असेल तर मस्तच, पण ते ठरवून करावं. काळी चीर आली तर दोन्ही तुकड्यांनी तीच जागा झाकली होती, उजळ चीर आली तर दोन्हींनी ती उघडी ठेवली होती (हे पॉझिटिव्हवर, निगेटिव्ह पाहत असाल तर उलट). मास्कची रेघ व्ह्यूफाइंडरमध्ये पाहायची तर ज्या एफ-आकड्यावर चित्रण करणार त्यावरच पाहायची. छिद्र उघडलं की रेघ पसरते.

रेघ कुठे पाडावी? दाराची चौकट, खांब, कपाटाची कड, जिथे आधीच उभी रेषा आहे तिथे. बडोद्यातल्या वाडी, रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या जुन्या घरांत लाकडी खांब मुबलक आहेत, त्यामुळे जागा शोधायला त्रास नाही. तांबेकर वाडा पाहून सगळ्यांनाच मोह होतो, पण तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला. ट्रायपॉड टेकवायच्या आधी परवानगी काढावी लागते. त्यापेक्षा ओळखीतलं माजघर बरं. त्यात अडचण येते ती झोपाळ्याची, आणि बडोद्यात झोपाळा नसलेलं जुनं घर शोधावंच लागतं. झोपाळा सांध्याच्या आरपार असला की पहिल्या फेरीत तो डावीकडे झुकलेला, दुसरीत उजवीकडे. मधोमध पाट तुटल्यासारखा दिसतो. कड्या काढा किंवा दोरीने आवळून बांधा. पंखा बंद, पडदे पिनांनी टाचलेले, देव्हाऱ्यातली समई विझवलेली. सांधा ओलांडणारी कोणतीही हलती वस्तू चालत नाही. सांध्याच्या एका बाजूला पूर्णपणे असलेली मात्र चालते. किंबहुना डाव्या अर्ध्यात झोपाळा हलतो आहे आणि उजव्या अर्ध्यात खांबाची सावली निश्चल आहे, हे फार चांगलं दिसतं.

नजर कुठे? समोर कुणी नसताना पात्राला ‘स्वतःकडे’ पाहायचं असतं. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टीची खूण करा. ती दुसऱ्या फेरीत शरीराआड जाते. वेळेसाठी तबल्याचं किंवा लेहऱ्याचं अॅप मोबाइलवर लावा, मिनिटाला ६० मात्रा. एक मात्रा म्हणजे २४ फ्रेम. झपतालाचं एक आवर्तन १० सेकंद, २४० फ्रेम, मागे यायला ३० फेरे. ‘नवव्या मात्रेला मान वळव, समेवर हात टेबलावर ठेव’ अशी सूचना दोन्ही फेऱ्यांत देता येते आणि दोन रूपं एकमेकांना प्रतिसाद देतात. आवाज मुद्रित करायचा नसतोच, त्यामुळे मोठ्याने मोजलं तरी हरकत नाही.

उजेडाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे बडोद्याचं हवामान आड येतं. खिडकीतून येणाऱ्या उन्हावर विसंबलात तर दोन फेऱ्यांमधल्या पंधरा मिनिटांत सूर्य जवळपास चार अंशांनी सरकतो आणि जमिनीवरची खिडकीची चौकट सांध्यापाशी तुटते. म्हणून थेट ऊन टाळा. उत्तरेकडची खिडकी घ्या किंवा खिडक्या झाकून दिवे लावा. पावसाळ्यात ढग एका मिनिटात दोन स्टॉपचा फरक पाडतात. एक गंमत मात्र हाताशी आहे. बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या पुढेमागे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. गच्चीवर उभ्या माणसाला सावलीच उरत नाही. जुलैत ढग असणार, म्हणून जूनचाच दिवस धरावा. त्या वेळी बिनसावलीचं एक रूप घ्या, फिल्म मागे घ्या, दुपारी चारला त्याच गच्चीवर लांब सावलीचं दुसरं. नेहमी जो दोष टाळायचा तोच इथे विषय होतो. एफ-आकडा मात्र दोन्ही वेळा सारखा ठेवावा, नाहीतर सांध्याची रुंदी बदलते. उजेडातला फरक लेन्सपुढच्या करड्या फिल्टरने जुळवा.

विरघळण म्हणजे डिझॉल्व्ह बोलेक्सवर सोपी आहे, पण नंतरच्या रिफ्लेक्स मॉडेलांवरच, कारण त्यांना बंद करता येणारं शटर असतं. शटरचा लिव्हर तीन सेकंदांत हळूहळू पूर्ण बंद करा, ७२ फ्रेम. झाकण लावून नऊ फेरे मागे. मग नवी जागा लावून तीन सेकंदांत उघडा. हात सराईत होईपर्यंत रिकाम्या कॅमेऱ्यावर सराव करावा. सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते: लिव्हर बंद किंवा अर्धा बंद राहतो आणि पुढचं रीळ काळं येतं. व्ह्यूफाइंडर सांगत नाही! उजेड वाटून घेणारी काच शटरच्या पुढे असल्यामुळे शटर बंद असतानाही चित्र छान दिसत राहतं. लिव्हरला लाल दोरा बांधून ठेवा.

उलट गती हवी असेल, लाटा मागे सरकाव्यात, सांडलेलं पाणी तांब्यात परतावं, तर हँडलने उलट फिरवून वेग सारखा राहत नाही. जुनी युक्ती अशी की कॅमेरा उलटा धरून चित्रण करायचं आणि तुकडा टोकापासून टोकाकडे उलटवून जोडायचा. त्याला दोन्ही कडांना छिद्रं असलेली फिल्म लागते. आज बहुतेक फिल्म एकाच कडेला छिद्रांची येते. ती उलटवली तर लेपाची (इमल्शनची) बाजू चुकते, चित्र डावं-उजवं होतं. स्कॅन करूनच दाखवायचं असेल तर हा प्रश्न संगणकात सुटतो.

एकेक फ्रेमचं चित्रण ही बोलेक्सची दुसरी ताकद. बडोद्याच्याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये कुंडीतल्या रोपाची वाढ अशीच थोड्या थोड्या फ्रेम घेत टिपली होती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीची ती गोष्ट. प्रमोद पतींनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘आबिद’ (१९७२) जिवंत माणसालाच बाहुलीसारखं एकेक फ्रेमने हलवतो. माणूस चालत नाही, सरकतो. आपलं शरीर आपल्या ताब्यात नसल्याची भावना याहून स्वस्तात मिळत नाही. दर दोन फ्रेमला एक हालचाल ठेवा, म्हणजे सेकंदाला बारा जागा. दर फ्रेमला हालचाल केली तर पात्र दमतं आणि फरक फारसा दिसत नाही. केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबणारी तार) हवीच, बोटाने दाबू नये.

आता तक्रारी. उजेड वाटणाऱ्या काचेमुळे साधारण पाव हिस्सा प्रकाश व्ह्यूफाइंडरकडे जातो. १३० अंशांच्या शटरच्या मॉडेलवर २४ फ्रेमला खरं एक्स्पोजर १/६५ सेकंद, पण लाइट मीटरवर १/८० धरावं. त्याच काचेमुळे ५० मिमीपेक्षा कमी लांबीच्या लेन्स ‘आरएक्स’ खुणेच्याच लागतात. साधी सी-माउंट २५ मिमी लेन्स लावली तर छिद्र उघडं असताना चित्र दुधाळ होतं. विक्रेते हे सांगत नाहीत. आरएक्स स्विटार लेन्सची किंमत बॉडीच्या बरोबरीने जाते, म्हणून ‘बॉडी स्वस्त मिळतेय’ याला भुलू नये. निदान एक १६ आणि एक २५ मिमी सोबत असेल तरच व्यवहार करावा.

डोळा व्ह्यूफाइंडरला नसेल तेव्हा तिथून उजेड मागच्या मागे शिरतो आणि चित्र धुरकटतं. दुहेरी चित्रणात आपण कॅमेऱ्यापासून दूर असतो, तेव्हा तर हे हमखास. व्ह्यूफाइंडरची झडप आठवणीने लावा. लेन्सच्या मागे जिलेटिन फिल्टरची एक छोटी पट्टीदार चौकट असते. फिल्टर वापरत नसलात तरी ती रिकामी चौकट जागेवर हवी, नाहीतर त्या फटीतून उजेड गळतो. वापरलेल्या कॅमेऱ्यांत हीच चौकट हरवलेली असते. एफ/८ वर जुन्या घराच्या अंधारात व्ह्यूफाइंडरमध्ये काहीच दिसत नाही, म्हणून छिद्र उघडून फोकस करायचा आणि परत बंद करायचं. परत बंद करायचं राहून जातं, हे वेगळं सांगायला नको.

फिल्म भरणं आपोआप होतं असा लौकिक आहे, आणि तो बराचसा खरा आहे: टोक आतल्या सुरीने कापा, वळण देणाऱ्या दोन्ही पट्ट्या बंद करा, मोटर चालवा, टोक दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. पट्ट्या उघडल्या आहेत ना हे झाकण लावण्याआधी पाहा. वळण हरवलं की चित्र उभं ओघळतं आणि आवाज बदलतो, खडखड कर्कश होते. तो आवाज ओळखायला शिका. तीस मीटर फिल्म वाचते.

विकत घेताना काय पाहावं? चावी पूर्ण भरून ६४ च्या वेगावर चालवा; अडखळला तर आतलं वंगण घट्ट झालं आहे. २४ वर दहा सेकंद मोजा, काट्यावर २४० च्या आसपास फ्रेम हव्यात. दहा-पंधराचा फरक कुरबूर न करता मान्य करावा, चाळीसचा नाही. हँडल मागे फिरवताना काटा कमी होतो का? हे न तपासता घेतलेला बोलेक्स म्हणजे शोभेची वस्तू. शटर चारही अवस्थांत हलवा. लेन्स उजेडासमोर धरून बुरशीचे धागे पाहा. पावसाळी दमटपणात आपल्याकडे ती लागतेच, म्हणून पुढे हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. ठेवताना चावी उतरवलेली असावी. आणि सपाट, रुंद तळाचं नंतरचं मॉडेल घ्या. जुन्या तळावर हँडल फिरवताना कॅमेरा डुगडुगतो. लेन्ससकट अडीच-तीन किलो वजन आहे, त्यामुळे हलका फोटोचा ट्रायपॉड चालत नाही. मधे वाळूची पिशवी टांगा.

फिल्म: कृष्णधवल ट्राय-एक्स रिव्हर्सल (धुतल्यावर थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी) ७२६६, आयएसओ दिवसाच्या उजेडात २००, बल्बखाली १६०. १०० फुटांचं रीळ म्हणजे ४००० फ्रेम, २४ च्या वेगाने दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. दुहेरी शॉटसाठी दाणेदार फिल्मच बरी, सांधा दाण्यात बुडतो. घरी धुणार असाल तर रशियन लोमो टाकी शोधा. बडोद्यात खरी अडचण पाण्याची: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी कोमटच्या पुढे गेलेलं असतं. रिव्हर्सलच्या परमँगनेट ब्लीचने लेप आधीच मऊ होतो, त्यात पाणी गरम असेल तर तो सुरकुततो किंवा सोलून निघतो. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी २० अंशांच्या आसपास, एकमेकांपासून एक-दोन अंशांच्या आत, बर्फाच्या बादलीत ठेवा, पहाटे धुवा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे, उघडी खिडकी. तीस मीटर फिल्म वाळवायला दोऱ्या बांधाव्या लागतात. पंखा लावला की धूळ बसते, न लावला तर पावसाळ्यात रात्र जाते. पहिल्या खेपेला रिव्हर्सलच्या भानगडीत न पडता निगेटिव्ह म्हणून धुऊन स्कॅन करणं शहाणपणाचं. विमानाने नेणार असाल तर न धुतलेली फिल्म चेक-इन सामानात कधीही टाकू नका, आणि हातातल्या सामानासाठीही हाताने तपासणी मागा. नवीन सीटी स्कॅनर फिल्म खराब करतात.

पहिलं रीळ कथेवर घालवू नये. भिंतीवर काळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची जाळी चिकटवा, एक स्टॉप कमी ठेवून २४० फ्रेम घ्या, ३० फेरे मागे, कॅमेरा जरासा बाजूला वळवून जाळीच्या रेघा शेजारी येतील असं करा आणि पुन्हा २४०. प्रोजेक्टरवर दोन मीटर रुंदीला पाहा, म्हणजे चित्र फिल्मच्या साधारण १९५ पट मोठं होतं. रेघा एकमेकींच्या तुलनेत तीन-चार मिलिमीटर हलत असतील तर फिल्मवरची हालचाल ०.०२ मिमीच्या आत आहे आणि कॅमेरा या कामाला लायक आहे. एक सेंटिमीटर हलत असतील तर दाबपट्टी आणि गेट (फिल्मवर उजेड पडतो ती चौकट) साफ करून परत तपासा. तरीही हलल्या तर पैसे परत मागा. आणि अजिबातच हलत नसतील, तर फिल्म खरंच मागे गेली होती का ते आधी बघा.